यादीतलं निनावी कासव

"सामान्य माणसाला दोन डोळे असतात. मला तीन आहेत. तिसरा इथे!" असं म्हणून भिंगराव शर्टाच्या खिशावर बोट आपटत. खिशात भिंग असायचं. "गुन्हा कितीही बारीक असो, माझ्या हातून सुटत नाही. माझी बुद्धी म्हणजे चाळणी आहे, चाळणी!"

चाळणीत भोकंच जास्त असतात, हे त्यांच्या मेहुण्याच्या अगदी जिभेच्या टोकावर यायचं. पण मेहुणा ताईच्या घरी राहत होता, ताईच्या हातचं जेवत होता आणि ताईच्या नवऱ्याच्या शब्दावर या ऑफिसात चिकटला होता. अशा माणसानं जीभ फक्त जेवताना वापरावी.

खरं तर भिंगराव त्या छोट्याशा कंपनीत ज्येष्ठ प्रोग्रॅमर होते. गुप्तहेरगिरी ही त्यांनी स्वतःला दिलेली बढती. तिचं मूळ एवढंच की एकदा मालकांचा चष्मा हरवला होता. भिंगरावांनी ऑफिसचं दार लावून घेतलं, झाडून सगळ्यांची उलटतपासणी घेतली, झाडाच्या कुंडीतली माती उकरली, आणि शेवटी चष्मा मालकांच्याच कपाळावर सापडला. तो सापडला कसा? मालकांनी घाम पुसायला हात वर नेला तेव्हा. पण "मीच त्यांना घाम फोडला" या मुद्द्यावर भिंगरावांनी श्रेय घेतलं आणि त्या दिवसापासून मागे वळून पाहिलं नाही. मागे वळून पाहिलं असतं तर मेहुणा कपाळाला हात लावून उभा दिसला असता.

तर त्या दिवशी सकाळी मालक हातात कॉफीचा कप घेऊन आले आणि कप टेबलावर ठेवायचं विसरून तसेच उभे राहिले.

"दवाखान्याचा प्रोग्रॅम बंद पडलाय," ते म्हणाले. "काल दुपारी चालत होता. आज उघडला की आपटतो. चार वाजता डॉक्टरबाई बघायला येणार आहेत. त्यांना आवडला तर काम आपलं. नाही आवडला तर..." त्यांनी सगळ्या खुर्च्यांवरून नजर फिरवली. ती मेहुण्याच्या खुर्चीवर जरा जास्तच वेळ थांबली. मेहुणा अजून उमेदवारीवर होता आणि त्याला पक्कं करायचं की नारळ द्यायचा, हे याच आठवड्यात ठरणार होतं.

डॉक्टरबाईंचा दवाखाना प्राण्यांचा होता. मोठा होता. कुत्री एका दालनात, मांजरं दुसऱ्यात, पक्षी तिसऱ्यात आणि उरलेले सगळे चौथ्यात. बाहेरच्या खोलीत एकच पडदा लावायचा होता, त्यावर पुढचा नंबर कुणाचा ते दिसणार होतं. त्यासाठी प्रोग्रॅम चारही दालनांतले रुग्ण एका यादीत गोळा करायचा. मग पडदा यादीतल्या एकेकाला विचारायचा, "तुझं नाव काय?" आणि ते नाव झळकवायचा. एवढं सोपं.

त्या सकाळी पडद्यानं यादीतल्या पहिल्या रुग्णाला नाव विचारलं आणि जागच्या जागी मान टाकली. लाल अक्षरांत निरोप आला: या वस्तूत 'नाव' असं काही नाही.

"खून!" भिंगराव उठून उभे राहिले.

"भाऊजी, खून कसला? नाव सापडत नाहीये."

"ऑफिसात मला सर म्हणायचं. आणि नाव गेलं म्हणजे माणूस गेलाच की. मेहुणे, खुर्ची ओढा."

मेहुण्यानं खुर्ची ओढली. भिंगरावांनी भिंग काढलं, शर्टाच्या टोकानं पुसलं आणि पडद्याला नाक लावून ते निरखायला लागले. त्यांचा पहिला तर्क असा होता की कुणीतरी 'नाव' हा शब्द लिहिताना अक्षरात गडबड केलीय. एखादी रिकामी जागा मध्ये घुसवली असेल, एखादं अक्षर बदललं असेल.

"दिसलं!" ते कुजबुजले. "मेहुणे, हे अक्षर नाही. हे ठिपके आहेत. एक लाल, एक हिरवा, एक निळा. परत लाल, परत हिरवा, परत निळा. ही टोळी आहे!"

"सर, कुठल्याही पडद्याला भिंग लावलं की तेच दिसतं."

"म्हणजे टोळी सगळीकडे पसरली आहे."

मेहुण्यानं मुकाट्यानं अक्षरं तपासली. 'नाव' दोन्हीकडे सारखंच लिहिलेलं होतं. अक्षर ना अक्षर जुळत होतं. भिंगरावांनी टोळीचा तपास तात्पुरता स्थगित केला.

आता प्रोग्रॅममधली गोम सांगायला हवी, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही. एरवी प्रोग्रॅममध्ये एखादी वस्तू ठेवायची असली की आधी तिचा साचा करायचा आणि त्या साच्याला नाव द्यायचं, 'रुग्ण' म्हणा किंवा काहीही. पण ज्याला घाई असते त्याच्यासाठी एक पळवाट आहे. साच्याला नावच द्यायचं नाही. नाव, वजन, दुखणं असं जे काही कोंबायचं ते आत कोंबायचं आणि पुढे व्हायचं. ही झाली निनावी वस्तू. मग अशा निनावी वस्तूंची यादी करायची तर तिच्यावर पाटी कसली लावणार? तर 'डायनॅमिक' अशी लावायची. डायनॅमिक म्हणजे घरातला तो काका, जो कुठल्याही प्रश्नाला "आत्ता कशाला? तेव्हाचं तेव्हा बघू" असं म्हणतो. यादीत कोण भरलंय, त्याच्याकडे काय आहे, हे तो आधी तपासत नाही. प्रोग्रॅम चालू झाला की बघतो. आणि मग ऐन वेळी चारचौघांत तोंडघशी पाडतो.

"म्हणजे या यादीत कुणीही शिरू शकतं?" भिंगरावांनी भुवई उंचावली.

"हो."

"दारावर पहारा नाही?"

"डायनॅमिकला नसतो."

"मग झालं तर. यादीत घुसखोर आहे! कोण कोण आहे आत?"

मेहुण्यानं चाचणीसाठी भरलेले रुग्ण वाचून दाखवले. ते डॉक्टरबाईंनीच आपल्या दवाखान्यातून पाठवले होते. कासव, नाव तुफान. मांजर, नाव काकू. कुत्रा, नाव दगडू. एक पोपट, त्याच्या नावापुढे डॉक्टरबाईंनी 'शिव्या देतो, लक्ष देऊ नये' अशी सूचना लिहिली होती.

"थांबा!" भिंगरावांनी हात वर केला. "जात कासव आणि नाव तुफान? सरळ सरळ खोटं नाव लावून वावरतोय. काढा त्याला."

मेहुण्यानं कासव काढलं. प्रोग्रॅम मांजरावर आपटला.

"काकू! मांजराला कुणी काकू म्हणतं का? काढा."

प्रोग्रॅम दगडूवर आपटला. दगडू काढला तर पोपटावर आपटला. भिंगराव क्षणभर पोपटाच्या बाजूनं होते, कारण शिवराळ माणूस मनानं साफ असतो असं त्यांचं म्हणणं पडलं. पण शेवटी त्यालाही काढला. आणि काय आश्चर्य! प्रोग्रॅम गपगुमान चालला. लाल अक्षर नाही की काही नाही.

"चालला!" भिंगरावांनी टेबलावर मूठ आपटली. मालक धावत आले.

"सर," मेहुणा हळूच म्हणाला, "यादी रिकामी आहे."

"रिकामी म्हणजे दवाखान्यात एकही रुग्ण उरला नाही. सगळे बरे होऊन घरी गेले. डॉक्टरबाईंना याहून काय हवंय?"

मालक परत गेले. जाताना त्यांनी दार जरा जोरात लावलं. नोकरी गेली तर ताई काही बोलणार नव्हती, हे मेहुण्याला माहीत होतं. ती नुसती ताट वाढेल आणि तिचं ते न बोलणंच घशाखाली उतरणार नाही.

त्यानं सगळे प्राणी परत यादीत भरले आणि प्रोग्रॅम मध्येच थांबवून यादीच्या आत डोकावून बघितलं. प्रोग्रॅमरला तशी सोय असते, चालत्या गाडीचं बॉनेट उघडून बघितल्यासारखी. आणि तो चक्रावला. कासव तिथे होतं. त्याचं नाव होतं. स्पष्ट लिहिलेलं होतं, नाव: तुफान. वजन होतं, दुखणं होतं, सगळं होतं. मेहुण्यानं प्रोग्रॅम एक पाऊल पुढे सोडला. लगेच लाल अक्षरं: या वस्तूत 'नाव' असं काही नाही.

"सर, हे बघा. नाव डोळ्यांसमोर आहे आणि हा म्हणतो, नाहीच."

भिंगराव उठले. त्यांनी खिडकी बंद केली आणि खिडकीचा पडदा ओढून घेतला.

"साक्षीदार," ते दबक्या आवाजात म्हणाले, "आपल्याला एकांतात नाव सांगतो. पण पडद्यासमोर आला की 'मला नावच नाही' म्हणतो. याचा अर्थ काय, मेहुणे?"

"काय?"

"त्याला धमकावलंय. आणि धमकावणारा तोच, ज्यानं त्याला निनावी केलं. हे कोणी लिहिलं मुळात?"

ते मौनीनं लिहिलं होतं. मौनी हा कंपनीतला जुना प्रोग्रॅमर. बोलायचा इतकं कमी की तो रजेवर आहे की जागेवर, हे मान वर करून बघितल्याशिवाय कळायचं नाही. गेल्या महिन्यात त्यानं नोकरी सोडली होती आणि आता रस्त्यापलीकडे, टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर दुसऱ्या कंपनीत बसत होता.

"फरार!" भिंगराव म्हणाले.

"सर, रीतसर राजीनामा दिला होता. आपण सगळ्यांनी मिळून केक कापला. तुम्ही दोन तुकडे खाल्ले."

"तेव्हाच मला संशय आला होता. म्हणून तर दुसरा घेतला."

वेशांतराशिवाय संशयिताला भेटायचं नाही, हा भिंगरावांचा दंडक. त्यांनी डोक्यावर मालकांचं हेल्मेट चढवलं, काच खाली ओढली आणि पार्सलवाला वाटावं म्हणून छपाईच्या कागदांचं रिकामं खोकं हातात घेतलं. हेल्मेटच्या काचेतून त्यांना जिन्याच्या पायऱ्या नीट दिसत नव्हत्या, तेव्हा मेहुण्यानं त्यांना दंडाला धरून रस्ता ओलांडून दिला. सिग्नलपाशी उभ्या असलेल्या एका आजींनी "फार दिवस झाले का दृष्टी जाऊन?" असं मायेनं विचारलंसुद्धा.

मौनीनं दार उघडलं. हेल्मेटकडे बघितलं, खोक्याकडे बघितलं.

"या, भिंगराव."

भिंगरावांनी हेल्मेट काढलं. निघेना, म्हणून मेहुण्यानं ओढलं. "ओळखलंत तर," ते धापा टाकत म्हणाले. "सराईत आहात. आता खरं खरं सांगा. दवाखान्याची यादी तुम्ही लिहिलीत?"

"हो."

"निनावी वस्तू वापरल्यात?"

"हो."

"का?"

मौनीनं विचार केला. "नाव सुचेना."

"ऐकलंत, मेहुणे? कबुली! काल दुपारपर्यंत प्रोग्रॅम चालत होता आणि आज सकाळी यादीतला प्रत्येक जण नाव सांगायला नकार देतोय. उपाय काय?"

"नाव द्या."

भिंगराव लाल झाले. "नाव द्या काय, नाव द्या? अहो, गुन्हेगाराचं नाव घ्यायला तर आम्ही तुमच्याकडे आलो! तुम्ही आमच्याकडेच मागताय?"

"नाव द्या," मौनी पुन्हा म्हणाला.

"मेहुणे, हा उलट आपली उलटतपासणी घेतोय."

पण मेहुण्याच्या डोक्यात काहीतरी हललं होतं. "दादा, एक मिनिट. प्राण्यांना नावं आहेतच. तुम्ही साच्याला नाव द्या म्हणताय का?"

मौनीनं मान हलवली. मग त्यानं मेहुण्याला नीट बघून घेतलं आणि विचारलं, "यादीची फाईल हलवलीत? दुसऱ्या प्रोजेक्टात?"

प्रोजेक्ट म्हणजे प्रोग्रॅमच्या फायली ठेवायचा वेगळा कप्पा. फाईल हलवली का, हे मेहुण्याला माहीत नव्हतं. भिंगराव म्हणाले, "आम्ही कशाला हलवू? पण हलवली असेल कुणीतरी. नक्कीच हलवली असेल! तोच गुन्हेगार!"

मौनीनं एक उसासा सोडला. बहुधा आपल्याला आता पूर्ण वाक्य बोलावं लागणार, हे त्याच्या लक्षात आलं असावं.

"घरात बाळाला नुसतं 'बाळ' म्हटलं तरी चालतं," तो म्हणाला. "घरातल्यांना कळतं कोण ते. शाळेच्या हजेरीत 'बाळ' चालत नाही. निनावी वस्तू ज्या प्रोजेक्टात जन्मली तिथेच तिला ओळखतात. तिला उचलून दुसऱ्या प्रोजेक्टात ठेवलंत, आणि पडदा राहिला पहिल्यातच. पडद्याचा डायनॅमिक बाहेरून विचारायला येतो. त्याला साचाच ओळखता येत नाही, मग आतलं नाव कुठून दिसणार? साचा सगळ्यांना दिसेल असा करा, त्याला नाव द्या. दहा मिनिटांचं काम आहे."

एवढं बोलून तो खुर्चीत बसला आणि पाण्याची अख्खी बाटली प्यायला.

मेहुणा जिना उतरला तो जवळजवळ पळतच. हेल्मेट आणि भिंगराव मागून येत राहिले. त्यानं यादीची फाईल उघडली, आणि खरंच, ती कालच्या जागी नव्हती. ती एका नव्याकोऱ्या वेगळ्या प्रोजेक्टात जाऊन बसली होती. त्यानं साचा केला, त्याला 'रुग्ण' असं साधंसुधं नाव दिलं, यादीवरची 'डायनॅमिक'ची पाटी काढून 'रुग्ण' अशी पाटी लावली आणि श्वास रोखून प्रोग्रॅम चालवला.

तुफान. काकू. दगडू. सगळे ओळीनं झळकले. पोपटसुद्धा.

त्याला इतका आनंद झाला की तो खुर्चीसकट गोल फिरला. मग सहज म्हणून त्यानं बदलांची नोंद उघडली. कुठली फाईल कुणी हलवली, ते तिथे आपोआप टिपलं जातं. त्यानं नाव वाचलं आणि नोंद घाईघाईनं मिटून टाकली. कारण ते नाव रोज रात्री त्याच्या शेजारच्या ताटावर बसायचं.

"सर, प्रोग्रॅम चालतोय," तो भिंगरावांना म्हणाला. "आता विषय संपवू या."

"संपवू या? मेहुणे, आता तर सुरू होतोय!"

डॉक्टरबाई चारच्या आधीच आल्या. एका बोटाला पट्टी होती. "पोपट," त्या बसता बसता म्हणाल्या. मालकांनी भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर प्रोग्रॅम दाखवला. तुफानचं नाव आलं तसं बाई मनापासून हसल्या. "अहो, आमच्याकडे सध्या चिठ्ठ्यांवर चालतं सगळं. परवा दगडूची आणि काकूची हाक एकदमच गेली. अजून एका पंख्यावर काकूचे केस आहेत. मला आवडला हा प्रोग्रॅम. कधीपासून लावताय?"

मालकांचा चेहरा फुलला. त्यांनी हात पुढे केला. काम झालं होतं. आता फक्त सगळ्यांनी उठायचं होतं.

"थांबा!" भिंगराव दारात आडवे उभे राहिले. "कुणीही ही खोली सोडून जायचं नाही."

"भिंगराव," मालक दात आवळून म्हणाले, "बाईंना उशीर होत असेल."

"छे छे," डॉक्टरबाई परत नीट टेकून बसल्या. "काय झालंय?"

"बाई, आज सकाळी याच ऑफिसात तुमच्या कासवाची ओळख पुसून टाकण्यात आली," भिंगराव हात मागे बांधून येरझारा घालू लागले. "अत्यंत थंड डोक्यानं. गुन्हेगारानं काल संध्याकाळी, सगळे गेल्यावर, यादीची फाईल मूळ जागेवरून उचलली आणि परक्या प्रोजेक्टात नेऊन टाकली. हा काही ऐऱ्यागैऱ्याचा उद्योग नाही. हा माणूस अतिशय बुद्धिमान आहे. आणि तो," ते गर्रकन वळले, "या खोलीतच आहे! मेहुणे, बदलांची नोंद पडद्यावर लावा."

"सर, राहू दे ना."

"लावा!"

"भाऊजी, खरंच राहू दे."

भिंगराव स्वतःच पुढे झाले. तेवढ्यात मेहुण्याचा पाय वायरवर पडला, वायर निसटली आणि पडदा काळा झाला. भिंगरावांनी खाली बघितलं, मेहुण्याच्या पायाकडे. मग वर, त्याच्या तोंडाकडे.

"पुरावा नष्ट करण्याचा प्रयत्न," ते अविश्वासानं म्हणाले. "मेहुणे... तुम्ही?"

मालकही त्याच्याकडे बघायला लागले. "तू हलवलीस फाईल?"

मेहुण्याला एका शब्दात सुटता आलं असतं. तो शब्द घशापर्यंत आलासुद्धा. पण हा बडबड्या, हेल्मेट घालून रस्त्यात धडपडणारा माणूस बाईंसमोर, मालकांसमोर उघडा पडलेला त्याला बघवेना. तो मान खाली घालून गप्प राहिला.

भिंगरावांचा आवाज उतरला. "माझ्याच घरचा," ते पुटपुटले. त्यांनी जड हातानं वायर परत लावली आणि नोंद उघडली. भिंतभर मोठ्या अक्षरांत ती उमटली. काल संध्याकाळी, यादीची फाईल नव्या प्रोजेक्टात हलवली. हलवणारा: भिंगराव. खाली त्यांनी स्वतःच्या हातानं शेरा लिहिला होता: 'पसारा फार झाला होता.'

भिंगरावांनी खिशातून भिंग काढलं आणि भिंतीजवळ जाऊन आपलं नाव एकदा तपासलं. अक्षर ना अक्षर जुळत होतं.

"मी हलवलं नाही," ते शेवटी म्हणाले. "मी आवरलं."

डॉक्टरबाईंना हसू आवरेना. त्यांनी पट्टीचं बोट तोंडावर धरलं, पण खांदे हलतच राहिले.

"आणि एक लक्षात घ्या," भिंगराव वळून, मान ताठ करून म्हणाले. "गुन्हेगार अतिशय बुद्धिमान आहे, हे मी आधीच सांगितलं होतं."

बाई गेल्यावर मालकांनी मेहुण्याला बाजूला घेतलं. "तुला माहीत होतं?"

"हो."

"मग तोंड का उघडलं नाहीस? मी तुला आज घरी पाठवलं असतं."

"घरी म्हणजे त्यांच्याच घरी पाठवलं असतंत ना," मेहुणा म्हणाला.

मालक हसले. "उद्यापासून पक्का तू. आणि त्यांना सांग, आवरायचं असेल तर आधी आपलं टेबल आवरा."

घरी जाताना भिंगराव कधी नव्हे ते गप्प होते. निम्मा रस्ता संपल्यावर त्यांनी विचारलं, "वायर मुद्दाम ओढलीत?"

"पायात अडकली, सर."

"हं." चार पावलं गेल्यावर ते खाकरले. "बाहेर भाऊजी म्हटलंत तरी चालेल."

ताईनं ताटं मांडली होती. नवऱ्याचा पडलेला चेहरा आणि भावाचा फुललेला चेहरा बघून तिनं विचारलं, "काय झालं आज?"

"एक अट्टल गुन्हेगार पकडला," भिंगराव ताटाकडे बघत म्हणाले.

"अगं बाई! मग? कुठाय तो?"

भिंगरावांनी मेहुण्याकडे बघितलं. मेहुण्यानं पाण्याचा तांब्या पुढे सरकवला आणि म्हणाला, "ताटावर बसलाय. हात धुवायचे राहिलेत अजून."